व्हिएन्नातला माझा मौन सोमवार

आधी चहा घ्या, मग ऐका. मी सांगायला लागले की चहा गार होतो, हा आमच्या कुवेतमधल्या रिग्गईच्या भजनी मंडळाचा जुना अनुभव आहे. आणि असला भयंकर घोटाळा मी पुन्हा पुन्हा सांगणार नाही. तो दिवस आठवला की अजून माझं डोकं तापतं!

माझे सोळा सोमवार चालू होते. कशासाठी? यांच्या नोकरीसाठी, दुसऱ्या कशासाठी! मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला यांचा करार संपत आला होता आणि वाढणार की नाही, कुणी पत्ता लागू देत नव्हतं. करार गेला की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला. इकामा गेला की इथलं राहणंच गेलं: घर, लेकीची, सईची शाळा, देवघर, सगळं खोक्यात. हे छताकडे बघत पडून राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं, एसीचा आवाज ऐकतोय."

मग मी थेट वरच्या साहेबांकडे अर्ज केला. महादेवाकडे हो!

दिवसभर फक्त पाणी, आणि दिवेलागणीपर्यंत मौन. मौन म्हणजे मौन! लिहून दाखवायचं नाही, कारण ते हातानं बोलणंच झालं. हुंकारसुद्धा नाही. कुवेतमध्ये त्यात अवघड ते काय? हे पहाटेच कामाला, सई शाळेत, बाहेर जीव भाजणारं ऊन. बोलायला येतंय कोण? शेजारची मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई तेवढी बेल वाजवते. मी ओठांवर बोट ठेवलं की ती तिची वाक्यं बोलते, माझीही तीच बोलते आणि समाधानानं घरी जाते.

असे तेरा सोमवार सुरळीत गेले. चौदाव्याच्या तोंडावर आली आमची व्हिएन्नाची सहल. तिकिटं कधीचीच काढलेली, रद्द होत नव्हती. म्हटलं ठीक आहे, सोमवारी मी हॉटेलात जप करत बसेन, हे दोघं फिरून येतील.

शुक्रवारी संध्याकाळी कुवेतहून निघालो. मधल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं. बिनखिडकीच्या हॉलमध्ये, खुर्च्यांवर वाकडेतिकडे पडून, किती वेळ काढला ते देवच जाणे. पोचल्यावर हॉटेलच्या पलंगावर जी आडवी झाले ती सकाळीच उठले. खाली उतरलो तर दुकानं बंद. "सुट्टी आहे इथं आज," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळं उघडं. ट्रामला गर्दी, माणसं बॅगा घेऊन ऑफिसकडे पळतायत. आला रविवार, सुरू झाला आठवडा!

उद्या उपास म्हणून त्या दिवशी मी बेगमी करून घेतली. अंडं नाही ना, अशी तीन-तीनदा खात्री करून सफरचंदाचं गोड सारण भरलेले दोन स्ट्रुडल खाल्ले. वर तळलेले बटाटे. आणि बोलूनही इतकं घेतलं, की सई म्हणाली, "मॉम, प्लीज, ब्रेक घे ना!"

संध्याकाळी हे गालातल्या गालात हसत म्हणाले, "उद्या एक गंमत आहे. आपल्या तिघांसाठी खास गाइड ठरवलीय. सबंध दिवस. सगळं जुनं शहर दाखवणार."

"उद्या?"

"हो. मुद्दामच उद्याचा दिवस घेतला."

मुद्दाम! ऐकलंत? मुद्दाम! अहो, ज्या माणसाच्या नोकरीसाठी मी तेरा सोमवार पाण्यावर काढले, तो माणूस चौदाव्या सोमवारी मला दिवसभर उन्हातून फिरवणार, आणि तेही मुद्दाम, हसत हसत!

"शोभतं का हो तुम्हाला हे?" मी म्हणाले.

"अगं, पण झालं काय?"

"काही नाही."

आता नवऱ्याला एवढंही कळू नये? 'काही नाही' म्हणजे किती असतं, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सांगावं लागतं का?

सकाळी अंघोळ केली, सोबत आणलेल्या महादेवाच्या फोटोला हात जोडले, संकल्प सोडला आणि तोंड मिटलं. हे म्हणाले, "झाली का तयारी?" मी नेहमीसारखं ओठांवर बोट ठेवलं.

यांचा चेहरा उतरला. "बरं बाई," म्हणाले, "नाही बोलत मी."

तुम्ही नाही हो! मी! मी बोलत नाहीये! पण सांगू कशी?

गाइड खाली उभीच होती. इंग्रिडबाई. उंच, पांढऱ्या केसांची, चालणं पोलिसासारखं. माझा हात हातात घेऊन तिनं इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला आमचं शहर कसं वाटलं?" मी हसले आणि बोट वर केलं. म्हणजे, वरच्यासाठी व्रत आहे. तिला वाटलं मी समोरच्या चर्चच्या शिखराबद्दल विचारतेय. झालं! ते शिखर कोणी बांधलं, कधी जळलं, पुन्हा कोणी बांधलं, छपराच्या कौलांना रंग कुठला, सगळं मान वर करून उन्हात ऐकलं. रिकाम्या पोटी!

तेवढ्यात हे आइसक्रीम घेऊन आले. माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे ना. तुझ्या आवडीचं, पिस्त्याचं."

सोमवारी! मला! आइसक्रीम! मी असं काही बघितलं की त्या उन्हातही ते वितळायचं थांबलं असतं. मग यांनी काय करावं? उभ्याउभ्या स्वतःचं खाल्लं आणि वर माझंही खाल्लं. "वाया जाईल," म्हणे.

इंग्रिडबाई बघत होती.

"मॉम, व्हाय आर यू सो ॲंग्री?" सईनं कानातला इअरफोन काढून विचारलं. उत्तराची वाट न बघता परत घातला. माझा फोनही तिच्याचकडे, फोटो काढायला. लेकीकडून काय आशा ठेवायची!

दुपारी जेवायला बसवलं. यांनी माझ्यासाठी शाकाहारी म्हणून चीजचं काहीतरी मागवलं. वाफाळतं ताट समोर आलं. मी ते दोन बोटांनी यांच्याकडे सरकवलं. यांनी परत सरकवलं. मी पुन्हा सरकवलं.

"खा गं थोडं," हे काकुळतीला येऊन म्हणाले. "माझ्यावरचा राग अन्नावर काढू नये."

अन्नावर राग? अहो, तुमच्यासाठी उपाशी आहे मी! घशापर्यंत आलेलं पाण्याबरोबर गिळलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

इंग्रिडबाई तडक उठली, माझा दंड धरला आणि मला बायकांच्या स्वच्छतागृहात घेऊन गेली. दार लावलं. हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नका. तो तुम्हाला त्रास देतो का?"

आता खरं सांगा, या प्रश्नाला कुठली बायको सरळ 'नाही' म्हणेल? मी आपली मान हलवली. आपण हलवतो ना, डावीकडे-उजवीकडे, 'चालायचंच' अशी? त्या बाईला ते होय वाटेना, नाही वाटेना.

"बोलायची भीती वाटत असेल तर नुसते दोनदा डोळे मिटा."

डोळ्यांत पाणी साचलेलं. ते मिटणार नाहीत तर काय! दोनदा कसले, सारखे मिटायला लागले.

"समजलं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम पोलादी झाला.

आणि तिथून पुढे त्या बाईनं जो दौरा केला, तसा व्हिएन्नात आजवर कुणी केला नसेल! माझ्या आणि यांच्या मध्ये भिंतीसारखी चालायला लागली. तिघांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, तिची स्वतःची छत्री, सगळं यांच्या गळ्यात. राजवाड्यात पोचलो तर राजे गाळून नुसत्या दुःखी राण्याच सांगायला लागली. ही राणी इथे एकटी रडायची, त्या राणीला नवऱ्यानं कधी समजून घेतलं नाही. आणि प्रत्येक राणीच्या शेवटी यांच्याकडे बघायची. हे बिचारे मान डोलवून म्हणायचे, "व्हेरी सॅड, व्हेरी सॅड."

घोडागाडीत मला नि सईला गादीवर बसवलं. यांना वर, गाडीवानाशेजारी. पिशव्यांसकट!

देवा, क्षमा कर. व्रताच्या दिवशी मनात येऊ नये ते आलं. मला फार बरं वाटलं.

उतरल्यावर मात्र इंग्रिडबाईनं यांना गाठलंच. भर चौकात विचारलं, "तुम्ही तुमच्या बायकोला बोलू देत नाही का?"

"मी?" हे म्हणाले. "मी हिला बोलू देत नाही? मी?" आणि त्या दिवसातलं पहिलं हसू यांना तिथे फुटलं. पोट धरून हसले. पिशव्या खाली पडल्या. बाईला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे! ती लालेलाल झाली. आणि मी? मी तर तिच्याहून लाल. गावभर फिरवून वर माझ्या बोलण्यावर हसतात!

शेवटी एका जुन्या कॉफीगृहात येऊन टेकलो. बाहेर लख्ख ऊन. तिथला सूर्य उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणापर्यंत मावळत नाही म्हणे! म्हणजे मी तोवर गप्प? पण माझं मनगटी घड्याळ अजून कुवेतच्या वेळेवर होतं. मी विचार केला. माझं देवघर कुठे? रिग्गईला. माझा महादेव कुठे? रिग्गईला. मग सूर्यास्तही रिग्गईचाच धरायचा! घड्याळात काटे तिथल्या दिवेलागणीवर आले, मी डोळे मिटून 'ॐ नमः शिवाय' म्हटलं आणि तोंड उघडलं.

बाप रे, काय उघडलं म्हणून सांगू!

"लाज वाटते का हो तुम्हाला? तुमच्या करारासाठी जीव टांगणीला लावून उपास करतेय, आणि तुम्ही माझ्यासमोर आइसक्रीम नाचवता? मौन धरलंय दिसत नाही? दिवसभर उन्हातून फरफटवलंत! मुद्दाम सोमवार निवडलात! मुद्दाम! असं काय केलं होतं मी तुमचं?"

कॉफीगृहात चमचे थांबले. इंग्रिडबाईला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तिनं दोन्ही हात छातीशी घेतले. तिला वाटलं, बाई मोकळी झाली.

यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग हळूच म्हणाले, "अगं, आज मंगळवार आहे."

"काहीतरीच! परवा दुकानं बंद होती, तो शनिवार. काल सगळं उघडलं, तो रविवार. आज सोमवार!"

"मॉम," सई म्हणाली आणि माझाच फोन माझ्या नाकासमोर धरला. "दॅट्स कुवेत. इथे वीकेंड सॅटर्डे-संडे असतो. ऑफिस मंडेला उघडतं."

मी बघितलं. मंगळवार. चांगला ठसठशीत मंगळवार!

शनिवार त्या विमानतळाच्या खुर्च्यांवर गेला होता हो! आणि इतकी वर्षं शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत राहून, रविवारी डबा भरून देऊन, माझ्या डोक्यात आठवडा म्हणजे कुवेतचाच आठवडा. दुकानं उघडली की रविवार!

"मी मुद्दाम मंगळवार घेतला," हे म्हणाले. "सोमवारी तुझं मौन असतं ना. पण काल तू बोलत होतीस, दोन-दोन स्ट्रुडल खाल्लेस. मला वाटलं, प्रवासात तू सूट घेतलीस. म्हटलं कशाला विचारा, उगाच मनाला लागायचं. आणि आज सकाळपासून जी गप्प झालीस, मला वाटलं खर्चावरून चिडलीस."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे काल! खरा सोमवार काल होता! काल मी बडबड केली, तळलेले बटाटे खाल्ले. चौदावा सोमवार मोडला. यांच्या नोकरीवर मी स्वतःच्या हातानं पाणी सोडलं!

मला रडूच कोसळलं.

"अगं, रडतेस काय?" हे घाईघाईनं म्हणाले. "हेच सांगायला तर ही कॉफी ठेवली होती. मेल आलाय. करार वाढला, दोन वर्षांसाठी. दिवसभर सांगायला बघतोय, पण तुझे डोळे बघून धीरच होईना."

"कधी आला मेल?"

"काल दुपारी."

काल! सोमवारी! म्हणजे महादेवानं सोमवार बरोब्बर लक्षात ठेवला, कामही चोख केलं. गैरहजर होते ती मी. त्याच वेळी मी दुसरा स्ट्रुडल संपवत असणार!

हात आपोआप जोडले गेले. म्हटलं, देवा, सोळाच्या सोळा पुन्हा पहिल्यापासून करीन, आणि या खेपेला कॅलेंडर समोर ठेवून. यांनी इंग्रिडबाईला सगळं इंग्रजीत समजावलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा काही बदलत गेला! शेवटी तिनं उठून यांच्या खुर्चीला टांगलेली स्वतःची छत्री परत घेतली, यांचा हात हातात घेऊन दोनदा माफी मागितली. मग माझ्याकडे वळून बघितलं. मी मान खाली घालून गप्प.

तिनं काळजीनं विचारलं, "पुन्हा व्रत सुरू झालं का?"

"नाही नाही," हे म्हणाले. "हे खरं मौन आहे. फार टिकायचं नाही."

आणि कशाला खोटं बोलू? ट्रामच्या थांब्यापर्यंत टिकलं. तिथे मला एकदम सुचलं आणि मी यांचा दंड धरून भर रस्त्यात थांबवलं.

"मंगळवार होता, तर सकाळीच सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"