सातव्या घराची नोंद

"लिहून घेऊ ना?" असं विचारल्याशिवाय त्यांनी वहीत कधी एक अक्षर लिहिलं नाही. आपण काही सांगितलं की ते पेनाचं टोपण काढायचे, वही गुडघ्यावर ठेवायचे, चष्म्याच्या वरून आपल्याकडे पाहायचे आणि विचारायचे, "लिहून घेऊ ना?" सांगणाऱ्याला आपलं बोलणं मागे घ्यायला तेवढा वेळ मिळायचा. मला तो रोज मिळत होता.

भोपाळमधल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो आणि ते आमच्याच जिन्यावर सगळ्यात वर. अख्खी कॉलनी त्यांना काका म्हणायची. मूळचे ग्वाल्हेरचे. मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरायचे आणि कधी परत यायचे, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. त्यांची बायको कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून त्यांना हे क्वार्टर. ते स्वतः शहराच्या पलीकडच्या टोकाला, टेकडीवरच्या टीव्हीच्या ट्रान्समीटरवर टेक्निशियन होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तिथे काढली. ते निवृत्त व्हायच्या आधीच बायको गेली. तोवर कॉलनीतली निम्मी क्वार्टरं रिकामी पडली होती आणि कारखाना ती भाड्याने देऊ लागला होता, म्हणून काका तिथेच राहिले. एकुलती मुलगी नागपूरला दिलेली.

अँटेनाच्या काळात टीव्हीत काही बिघडलं की कॉलनीचे लोक काकांना जाब विचारायचे. रविवारचा पिक्चर ऐन शेवटाला गेला की सोमवारी दुधाच्या बूथवर कुणीतरी त्यांना गाठून म्हणायचं, काका, त्या हिरोचं पुढे काय झालं? काका खरोखर ओशाळायचे. ड्यूटीवर असले तर पिक्चर त्यांनी पाहिलेला असायचा, मग पिशवी खाली ठेवून शेवट सांगत उभे राहायचे. गणेशोत्सवात माइक बंद पडला तरी लोक वळून त्यांच्याकडे बघत. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. ज्या खात्यात तो नोकरीला असतो, त्या खात्याची सगळी लाज तो आपल्या अंगावर घेऊन फिरतो.

मग केबल आली, डिश आल्या, गच्च्यांवरचे अँटेना भंगारात गेले. पुढे टेकडीवरचं जुनं प्रक्षेपण थांबलं आणि त्याच मनोऱ्यावरून डिजिटल सुरू झालं. हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. काकांनी मला ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून समजावलं होतं. पूर्वी सिग्नल कमी झाला की चित्रावर मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा. आता चित्र एक तर लख्ख येतं, नाही तर चौकोन चौकोन होऊन नाहीसं होतं. त्यासाठी घरावर अँटेना हवा आणि टीव्हीजवळ एक छोटा डबा.

"हवेतून येतं, वहिनी," ते म्हणाले. "कुणाची तार नाही, कुणाचं बिल नाही. ज्याच्या घरावर काडी आहे, त्याच्या घरी येणार."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हो म्हणावं लागलं.

झालं होतं असं की केंद्रावरचा त्यांचा एक जुना ज्युनिअर त्यांना बाजारात भेटला आणि बोलता बोलता म्हणाला की वरचे लोक विचारतायत, हे बघतं तरी कोण? कुणीच बघत नसेल तर बंद करू. त्याने ते सहज सांगितलं असेल. काका ते घेऊन घरी आले आणि कामाला लागले. स्वतःच्या खिशातून डबे आणले, अँटेना आणले आणि आपलं घर धरून कॉलनीतल्या सहा घरांवर स्वतः चढून बसवले. सातवं घर आमचं. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास ते वही घेऊन निघायचे. सिग्नल किती, दर्जा किती, चित्र कसं. शेवटच्या रकान्यात चार पर्याय होते: स्वच्छ, तुटक, नाही, पाहिले नाही. महिन्याच्या शेवटी सगळं नीट उतरवून काढायचे आणि केंद्राला पोस्टाने पाठवायचे. उत्तर कधीच आलं नाही. "पोचत असेल," ते म्हणायचे.

पहिले दोन महिने मी मनापासून केलं. डिशची तार काढायची, डब्याची लावायची, रिमोटने आकडे बघायचे. पाच मिनिटांचं काम. पण मी टाउनशिपच्याच शाळेत शिकवायची. वार्षिक परीक्षा आल्या. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सातची मालिका हीच त्यांची दिवसभरातली करमणूक उरली. एक दिवस काका दारात आले तेव्हा माझे हात कणकेत होते. मी आतूनच सांगितलं, "स्वच्छ आहे, काका. बहात्तर."

"लिहून घेऊ ना?"

"घ्या ना."

पहिला दिवस तसा गेला. नंतर ते सोपं झालं. पुढे जागा अडते म्हणून डबा माळ्यावर गेला आणि मी आकडे सांगत राहिले. रोज एकच सांगितला तर संशय येईल म्हणून कधी सत्तर, कधी चौऱ्याहत्तर. एकदा भर पावसात मी आपल्या मनानेच अडुसष्ट सांगितला. काका एवढे खूश झाले. पावसात सिग्नल थोडा पडायचाच म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याला जिन्यात थांबवून सांगितलं की वहिनी फार बारकाईने बघतात.

बाकीची घरं एकेक करून सुटली. एका कुटुंबाने अयोध्या नगरला घर घेतलं आणि ते क्वार्टर सोडून गेले. एकांनी सरळ सांगितलं, काका, आम्ही नाही बघत हो, तुमचा डबा घेऊन जा. काकांनी 'पाहिले नाही' लिहिलं, आभार मानले आणि डबा घेऊन गेले. दीड वर्षात वहीत त्यांचं स्वतःचं घर आणि आमचं, एवढी दोनच उरली. खरं सांगणाऱ्यांना ते विसरून गेले होते. त्यांचा सगळा भरवसा माझ्यावर येऊन बसला होता.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते आले ते जरा गोंधळलेले. त्यांच्याकडे सकाळपासून काहीच दिसत नव्हतं. आमच्याकडे कसं आहे, त्यांनी विचारलं. मी उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करता म्हटलं, स्वच्छ आहे, एकाहत्तर. ते लिहून घेऊन म्हणाले, मग दोष माझ्याचकडे असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी वायर बदलली. तिसऱ्या दिवशी दोन्ही टोकांच्या जोडण्या नव्या केल्या. चौथ्या दिवशी स्वतःचा डबा खोलून बसले. रोज संध्याकाळी येऊन ते मला विचारत होते आणि रोज मी स्वच्छ म्हणत होते. सहाव्या की सातव्या दिवशी मी शाळेतून परतत होते, तर काका गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी अँटेनाचा दांडा धरून उभे. सहासष्ट-सदुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला मफलर बांधलेला. मला पाहून त्यांनी वरूनच सांगितलं, "तुमच्या अँटेनाची दिशा बघतोय, वहिनी. हुबेहूब तशीच लावतो."

तेव्हा सांगता आलं असतं. खाली रस्त्यावर उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं. मला घरी जाऊन भात टाकायचा होता. मी हात हलवला आणि आत गेले.

नवव्या दिवशी ते टाकीच्या लोखंडी शिडीवरून गच्चीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं. माझा नवरा आणि शेजारचे दोघे त्यांना सतरंजीत घालून गच्चीवरून चार जिने उतरले. काका सगळ्या वाटभर तुम्हाला त्रास देतोय, म्हणत होते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. नागपूरची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. तेवढ्यात तो जुना ज्युनिअर भेटायला आला. आता त्याचेही केस पिकले होते. पलंगाशी स्टूल ओढून त्याने हे कसं झालं विचारलं. काका म्हणाले, सिग्नल येत नव्हता, अँटेना बघायला चढलो होतो.

तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, सिग्नल कहाँ से आता? दस-बारह दिन से ट्रान्समीटर ही बंद पड़ा है. पार्ट नहीं आया अभी तक."

मी पोळीचा तुकडा मोडत होते. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. घरातला बिनचूक चालणारा मीटर अचानक भलताच आकडा दाखवू लागला तर त्यांनी जसं पाहिलं असतं, तसं. मला वाटलं, आता ते त्याच्यासमोर बोलतील. त्यांनी बोलावं असंही वाटलं.

"हाँ, मुझे लगा ही था," ते त्याला म्हणाले.

"फिर छत पे क्यों चढ़े?"

"आदत है," काका म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

ते घरी आल्यावर दोन आठवड्यांनी मी वर गेले. सगळं सांगितलं. डबा माळ्यावर आहे, आकडे मनाचे होते, दीड वर्षाहून जास्त काळ मी काहीही पाहिलेलं नाही. मी रडत होते. ते वॉकरला धरून उभे होते आणि मला बसायला सांगत होते. माझं संपल्यावर वॉकर बाजूला सरकवून ते स्वतः खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "वहिनी, 'पाहिले नाही' असा रकाना होता की. मी ते लिहून घेतलं असतं."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. वही बंद झाली, महिन्याचं पाकीट बंद झालं. काही महिन्यांनी टेकडीवरचं ते प्रक्षेपणही कायमचं थांबलं. माझ्या खोट्या आकड्यांनी ते वाचलं नसतं आणि खऱ्यांनीही नसतं, हे मला कळतं. त्या पाकिटांतलं एकही कुणी उघडलं नसेल. पण बातमी कळल्यावर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर निळा रंग आणि 'सिग्नल नाही' असं इंग्रजीत. मी काही म्हणायच्या आधीच ते म्हणाले, "बरं झालं. आता कुणाला विचारायला जायला नको."

ते माझ्याशी वाईट वागले असते तर मला सोपं गेलं असतं. ते तसेच राहिले. भेटले की आमच्या मुलीच्या अभ्यासाची, सासूबाईंची चौकशी माझ्या नवऱ्याकडे करायचे. मला वाटीभर पोहे पाठवायचे. माझ्याशी हवापाण्याचं बोलायचे, जुन्या गोष्टी सांगायचे. पण त्यांनी मला प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. हे माझ्या लक्षात यायलाच कितीतरी दिवस लागले. एकदा मी समोर उभी असताना त्यांनी दूधवाल्याला हाक मारून विचारलं, आज तारीख काय आहे रे? ते मुद्दाम करत नव्हते. सवयच झाली होती.

पुढे मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथे ते पाच महिने होते. तिचा फोन आला तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. तिला वाटलं होतं की कुणीतरी मला आधीच कळवलं असेल.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ते निघाले त्या सकाळी. सामान भरून झालं होतं. काकांना दोघांनी धरून खाली आणलं, गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, काठी पायाशी ठेवली. मुलगी मागे बसली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी खिडकीशी वाकून म्हटलं, "निवांत जा, काका. कुलूप मी ओढून पाहिलंय. नीट लागलंय."

त्यांनी मान हलवली. क्षणभर समोर रस्त्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला थांबायला सांगून दार उघडलं आणि काठी बाहेर टेकवली. मुलगी म्हणाली, बाबा, मी जाते ना वर. ते तिला नको म्हणाले आणि कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, वर चढायला लागले. तीन जिने. आम्ही सगळे खाली उभे होतो. बऱ्याच वेळाने वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा.