शेंदराखालचा वॉकिंग ट्रॅक

सावरधरीच्या उकंडाला शाळा कधी मानवली नाही, पण पाण्याची विद्या त्याच्याइतकी आख्ख्या बाभुळगाव तालुक्यात कोणाला नसेल. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं आणि नवं गाव टेकडावर चढून बसलं. तेव्हापासून दारासमोर नजर पोचेल तिथवर पाणी आणि नळाला पाणी चार दिवसांआड. बाहेरचा पाहुणा म्हणतो, काय नशीबवान गाव हो तुमचं! गावकरी वाद घालत नाहीत. पाहुण्याला अर्धा गिलास पाणी देतात.

उकंडाच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि नावही तेच ठेवलं. दैवाला वाटावं, ह्या घरात नेण्यासारखं काही नाही. दैव फसलं आणि उकंडा अठ्ठावन्न वर्षांचा झाला.

त्याचं काम म्हणाल तर मजुरी, पण मान होता गाळपेऱ्याचा. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी गावाच्या उतारावर चढून येतं. थंडीत ते उतरू लागलं की खालची गाळाची जमीन उघडी पडते आणि अर्धं गाव आपापल्या पट्ट्यात हरभरा नाहीतर टरबूज लावतं. घाई केली तर बी सडतं, उशीर केला तर ओल जाते. कधी आणि कुठवर पेरायचं ते उकंडानं सांगायचं. तो सकाळी उतारावर जायचा, गाळात टाच रुतवायचा, मूठभर चिखल दाबून बघायचा आणि रुक्माबाईच्या चहाच्या टपरीवर येऊन म्हणायचा, "वरचे पट्टे पेरा. खालचे राहू द्या." बस. त्यावर कोणी उलट विचारत नसे. बायको उठता बसता टोमणे मारते, मजुरीवाला मालक बोलून घेतो, पण ह्या एका गोष्टीत उकंडा म्हणजे गावचा कलेक्टर. त्याच्यापाशी इस्टेट म्हणाल तर एवढीच होती.

दरसाल पाणी जिथवर चढेल तिथं त्याची बायको तुळसाबाई नदीची ओटी भरायची. उकंडा त्या जागी एक गोटा रोवून त्याला शेंदूर फासायचा, म्हणजे पुढच्या साली कळावं की मागं पाणी कुठवर आलं होतं. असे अकरा गोटे उतारावर झाले होते. तो देव नव्हता, खूण होती. हे गावात शेळ्यांनाही ठाऊक होतं.

दोन वर्षांमागे ऐन मे महिन्यात साहेब लोक आले. तलावाकाठी उद्यान आणि वॉकिंग ट्रॅक मंजूर झाला होता. आता सावरधरीत फिरायला जायचं कोणाला? दिवसभर वखरामागं चालून आलेला माणूस संध्याकाळी बूट घालून गोल गोल फिरेल, असं ज्याच्या डोक्यात आलं त्याला एकदा वखरामागं धाडायला पाहिजे. पण मंजूर झालं म्हणजे झालं. काम घेतलं उपसरपंच घनश्यामनं. कागदावर त्याच्या साळ्याचं नाव होतं, कारण लोकशाही आहे.

मे महिन्यात पाणी पार तळाला गेलेलं. मोठ्या साहेबांनी उतारावर शेंदूर पाहिला आणि बूट काढून हात जोडले.

उकंडा तिथंच खड्डे खोदायला होता. तो म्हणाला, "साहेब, हा देव नाई. पाण्याची खूण हाय. पाणी दरसाल इथवर चढते."

साहेब समजूतदारपणे हसले. "बाबा, लोकांच्या भावना असतात. देवाला धक्का लागायला नको. ट्रॅक वीस पावलं खाली घ्या."

"खाली म्हंजे पान्यात जाईन नं साहेब."

"पुजारी आहेत का हे?" साहेबांनी घनश्यामला विचारलं.

"तसंच समजा," घनश्याम म्हणाला. त्याला ठाऊक होतं, बरं का. त्याचा स्वतःचा टरबुजाचा पट्टा त्याच उतारावर होता. पण वर मुरूम फोडण्यापेक्षा खाली मऊ गाळ खोदणं सोपं. सगळ्यांनी नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि ट्रॅक देवाच्या पायाशी, म्हणजे धरणाच्या पोटात, आखला गेला. उकंडानं आणखी दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्यांदा सांगितलं असतं, पण तेवढ्यात घनश्याम घरी आला. "उकंडाभाऊ, उद्यानाले चौकीदार लागते. तुमचंच नाव सुचवलं मी. हे घ्या, इथं सही करा."

उकंडाला सही येत होती. तीन अक्षरं तो फार प्रेमानं काढायचा, डोक्यावरची रेघ ओढताना जीभ बाहेर यायची. त्यानं कागद वाचला नाही. तुळसाबाई म्हणाली, "काय लिवलं हाय थे तं इचारा." तो म्हणाला, "नोकरीचं हाय वं. गप राय." इथं दोष उकंडाचाच, दुसऱ्या कोणाचा नाही. खाकी शर्ट आणि गळ्यात शिटी पाहून माणसाला भुरळ पडली. कागद होता जाणकार ग्रामस्थाचा दाखला, आणि त्यात लिहिलं होतं की सदर जागी धरणाचं पाणी कधीही येत नाही.

जुलैत उद्घाटन झालं. फरशीचा ट्रॅक, बारा बाकडी, पोट कमी करायची लोखंडी यंत्रं. पोट असलेली माणसं गावात चारच, आणि चौघंही त्या दिवशी स्टेजवर बसलेली. ऑगस्टभर बायांनी बाकड्यांवर गोधड्या वाळवल्या. सप्टेंबरात पाणी चढलं आणि ट्रॅक, बाकडी, यंत्रं सगळं गडप झालं. एका यंत्राचा दांडा तेवढा वर राहिला, त्यावर बगळा बसायचा. उकंडा काठावर शिटी घेऊन उभा. राखण करायची तर कशाची, मासोळ्यांची?

पेपरात बगळ्याचा फोटो आला तशी चौकशी लागली. ग्रामपंचायतीत सगळं गाव जमलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी तो दाखला काढून मोठ्यानं वाचला आणि खालचं नाव वाचलं. सगळ्या गावानं मान वळवून उकंडाकडे पाहिलं. त्यानं गळ्यातली शिटी शर्टाच्या आत सारली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर रुक्माबाई चहा देताना म्हणाली, "उकंडाभाऊ, पाणी येतच नाई म्हनता नं? मंग जा, थ्या बाकड्यावर बसून प्या." सगळे हसले. दरसाल उकंडाला विचारूनच पेरणारा देवीलाल तर ठसका लागेपर्यंत हसला. हसणं उकंडानं सोसलं असतं. पण नोव्हेंबर लागला, पाणी उतरू लागलं, तो गाळात टाच रुतवून टपरीवर आला, आणि कोणी त्याला काही विचारलंच नाही. देवीलाल त्याच्यादेखत म्हणाला, "मी सोमवारी पेरतो." उकंडा म्हणाला, "खाली ओल हाय अजून." देवीलाल म्हणाला, "हे तुमी सहीनिशी सांगून राह्यले का?" उकंडा चहा न पिता घरी गेला. त्या दिवशी तो जेवलाही नाही, आणि तुळसाबाईनं पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

मग घनश्याम दुसरा कागद घेऊन आला. ह्या साली अभूतपूर्व पाणी आलं, पूर्वी कधी आलं नव्हतं, एवढं उकंडानं लिहून दिलं की चौकशी मिटणार होती. दुरुस्तीचं काम निघणार होतं, ते साळ्यालाच मिळणार होतं, आणि उकंडाची नोकरी पक्की होणार होती.

ह्या खेपेला उकंडानं कागद बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. वेळ लागला. घनश्यामनं दोनदा घड्याळ पाहिलं.

"हे खोटं हाय," उकंडा म्हणाला.

"पहिलंही खोटंच होतं नं. मंग आता काहून अडता?"

"पहिलं मी वाचलं नोतं."

शिटी परत गेली, खाकी शर्ट परत गेला. बाहेर निघताना घनश्याम म्हणाला, "बसा मंग शेंदूर फासत." आणि गावाचं मत काही बदललं नाही. नोकरी गेली म्हणजे चोरी पकडली गेली असणार, असा गावाचा सरळ हिशेब.

देवीलालनं सोमवारी पेरलं. पंधरा दिवसांत त्याचं बी सडलं, शेजारच्या दोघांचंही सडलं. पण विचारायला जायची लाज, म्हणून जो तो आपल्या अंदाजानं वाट पाहत राहिला.

घनश्यामकडे मात्र महागाचं टरबुजाचं बियाणं येऊन पडलं होतं आणि पट्टा चार एकरांचा. अडला हरी, दुसरं काय. एका सकाळी तो उकंडाच्या दारात उभा. आवाज एकदम मधाळ. "उकंडाभाऊ, जरा पट्टा पाहून देता का?"

उकंडा दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, "टपरीवर येतो. तिथंच इचारा."

टपरीवर आठदहा माणसं होती. देवीलालही होता. घनश्याम उकंडाशेजारी बसला आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलला.

"ऐकू नाई आलं," उकंडा म्हणाला.

"म्हनलं, बी टाकू का आता?" घनश्यामला आवाज चढवावा लागला. लोकांचे कप थांबले.

"कोनत्या पट्ट्यात?"

"थ्याच. ट्रॅकच्या बाजूच्या."

"थिथं पाणी येते का घनश्यामभाऊ?"

घनश्यामनं इकडं तिकडं पाहिलं. रुक्माबाईनं स्टोव्ह बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. इकडं आबरू, तिकडं चार एकर टरबूज. घनश्याम धंदेवाला माणूस, त्याला फार वेळ लागला नाही.

"येते," तो म्हणाला.

"ह्याच साली आलं का?"

"दरसाल येते."

"कुठवर?"

"शेंदरापर्यंत."

उकंडानं मान हलवली. "मंग पंधरा दिवस थांबा," तो म्हणाला, "खाली ओल हाय अजून."