डाव्या पायापुढची जागा

संघात ज्याला सगळे तोफ म्हणायचे, तो आता हॉकीच्या मैदानावर पाणी मारतो. सामन्याआधी ते कृत्रिम गवत भिजवावं लागतं. नळी ओढत तो एकटाच या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि खोलीवर परतून एकटाच जेवतो. गुडघ्याने दगा दिला म्हणून खेळ सुटला, असं तो भेटेल त्याला सांगतो. गुडघा बिचारा ठणठणीत आहे.

जुन्या संघात त्याने एका हंगामात एकतीस गोल मारले होते, बहुतेक सगळे पेनल्टी कॉर्नरवर. तिथे एक जण रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा तो स्टिकने अडवतो, तिसरा मारतो. मारायचा तोफ. अडवायचा त्याचा जोडीदार, खुंटा. त्याने अडवलेला चेंडू तोफेच्या डाव्या पायापुढे वीतभर अंतरावर निमूट पडून राहायचा, दर वेळी तिथेच.

मग मोठ्या संघाच्या प्रशिक्षकांनी तोफेला खोलीत बोलावलं. "सोबत कोणाला घ्यायचं का? एक जागा आहे."

तोफेचे पाय तेव्हा जमिनीवर नव्हतेच. "मनगटात दम आहे, साहेब. अडवायला काय, कोणीही चालेल."

तिथले अडवणारे नावाजलेले होते, पण चेंडू कधी बोटभर मागे राहायचा, कधी थरथरत असायचा. वर्षभरात गोल झाले चार. दुसऱ्या वर्षी तोफ बाकावर बसला, तिसऱ्या वर्षी घरी.

परवा जुन्या खेळाडूंचा सामना झाला. वीस वर्षांनी खुंटा आला, पोट सुटलेलं, केस पिकलेले. कॉर्नर मिळाला. तोफेने खाली पाहिलंसुद्धा नाही. चेंडू पूर्वी असायचा तिथेच होता. गोलाची फळी धाडकन वाजली आणि तोफेला भर मैदानात रडू फुटलं.

सामन्यानंतर बाकावर त्याने एकदाचं बोलून टाकलं. "माझे गोल तुझे होते रे. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं नाही."

"माहीत आहे," खुंटा बुटाची नाडी सोडत म्हणाला. "मी दाराबाहेरच होतो. बॅग भरून आलो होतो."

साहेबांनी विचारलं त्याच संध्याकाळी जुन्या संघाचा हंगामातला शेवटचा सामना होता आणि तोफेने तीन गोल मारले होते. "तरी तू तिन्ही वेळा अडवलास?"

"चेंडू आला होता ना," खुंटा म्हणाला आणि बस गाठायला उठला.