अर्थिंग झाल्याशिवाय बटण नाही

ज्ञानदेव आप्पांची आणि माझी पहिली भेट पलूसमधल्या एका घराच्या न्हाणीत झाली. आयटीआय करून मी नुकतीच सोलरच्या कामाला लागले होते. घरातल्या बॅटरीच्या लोखंडी कपाटाची अर्थिंगची तार मी न्हाणीतल्या नळाच्या पाइपला आवळली होती. आमच्या धंद्यात सर्रास तसंच करत. एजन्सीने तपासणीला पाठवलेले आप्पा आले, त्यांनी पाना मागितला आणि घरमालकांसमोर ती तार सोडली. असा राग आला मला!

"पोरी, भिंतीच्या पल्याड ह्यो पाइप प्लास्टिकचा हाय," आप्पा म्हणाले. "कपाटात करंट उतरला तर जमिनीत जाणार न्हाई, नळात येऊन बसंल. आन् नळ कोण धरणार? ह्यांची आई." त्या आजी बादली घेऊन दारातच उभ्या होत्या. माझा राग तिथेच जिरला.

आप्पांनी उमेदीची वर्षं लष्करात विजेच्या कामात घालवली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या शिस्तीचं कौतुक पुष्कळ येईल. मी त्यांच्या हेकटपणाचं करणार आहे. हो, आप्पा हेकट आहेत! खुशाल छापा.

उंब्रजला त्यांच्या एका जुन्या स्नेह्यांची वास्तुशांत होती. बॅटरी बसवून झालेली, पण अर्थिंगचा खड्डा मुरमात जेमतेम हातभर गेलेला, आणि अर्थिंग मोजायच्या मीटरवरचा आकडा पाहिजे तितका काही खाली येईना. स्नेही म्हणाले,

"आवं आप्पा, अर्थिंगच्या तारेवर बल्ब लावून बघितला, लख्ख पेटला की! आज चालू करा, उद्या खड्डा वाढवू."

"बल्ब पेटला म्हंजी अर्थिंग झालं न्हाई. खड्डा उद्या, तर बॅटरीबी उद्या."

"वळखीचं म्हणून तुमाला बोलावलं!"

"वळखीचा हाय म्हणूनच न्हाई म्हणतोय."

एवढं बोलून आप्पा पंगतीत बसले आणि बासुंदी दोनदा मागून घेतली.

काम एजन्सीचंच होतं; त्या दिवसानंतर तिने आप्पांना बोलावणं बंद केलं. त्यांची जागा मला दिली; अट एकच, आप्पांसारखं अडून बसायचं नाही. मी हो म्हणाले. खोटं कशाला लिहू? कायमची नोकरी होती.

तिसऱ्याच आठवड्यात शिरवळच्या एका बंगल्यात अर्थिंगची तार चक्क कुंडीतल्या मातीत खोचलेली दिसली. एजन्सीचे साहेब म्हणाले, "दाब बटण." माझा हात बटणापर्यंत गेला, पण दाबवेना. त्या घरात दोन लहान मुली खेळत होत्या. मी मेन बंद केली आणि नाही म्हणाले. संध्याकाळी नोकरी गेली.

रडतच आप्पांकडे गेले. वाटलं, शाबास म्हणतील. कसलं काय! त्यांनी विचारलं, "मेन बंद करून आलीस न्हवं?" मी मान हलवली. "मग रडतीस कशाला? उद्यापास्नं माझ्यासंगं यायचं."

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून कामं घेतो. 'म्हातारा घरी बसला की सगळं सुरळीत होईल' असं काही जण अजून म्हणतात, आणि आप्पांच्या कानावर ते जातंही.

आप्पांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे धड राहोत, आणि खड्ड्यात वाकून बघण्याची त्यांची हौस कधी न फिटो. त्यांच्या मागे तरी काम सोपं होईल, म्हणून कुणी वाट बघत असेल, तर बघू नये. मी बत्तीस वर्षांची आहे.