बारा पॉइंट पाच

दादाभाऊचा जन्म दुसऱ्यांची बिघडलेली यंत्रं उघडण्यात गेला. वारूळवाडीत रस्त्याकडेला त्याची टपरी. रेडिओ, टीव्ही, डेअरीचा वजनकाटा, येईल ते. चाळिशीतच पाठ वाकली. स्वतःचं असं यंत्र त्यानं एकच केलं, २००६ साली, जत्रेत बैलगाडे ज्या चढावर पळतात त्या घाटासाठी.

गाडा किती सेकंदात घाट चढला यावरनं दरसाल डोकी फुटायची. घड्याळवाल्यावर कुणाचा भरवसा नव्हता. यात्रा कमिटीचे हौशीराम म्हणाले, "दादाभाऊ, समद्या घाटाला दिसंल असा आकडा कर, राव. भांडान तरी मिटंल."

त्यानं प्लायवूडच्या खोक्यात लाल एलईडीचे चार आकडे बसवले. एकेक आकडा सात दांड्यांचा. कोणत्या आकड्याला कुठल्या दांड्या पेटवायच्या ते ठरवणारी छोटीशी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार प्रोग्राम, त्यानं पुण्याहून फ्लॉपीवर आणली होती. आपण नुसता आकडा सांगायचा, बाकी ती बघणार. सोबतचा इंग्रजी कागद त्यानं अर्धाच वाचला. तीन रात्री जागून प्रोग्राम चिपमधे भरला, ११.८७, १२.३४ असे आकडे लावून बघितले, आणि झालं म्हणाला.

जत्रेत खोकं झकास चाललं. निशाण पडलं की आकडे पळायचे, वरचा दोरा तुटला की थांबायचे. डोंगरातल्या जानकूचा गाडा आला. त्याचा पाखऱ्या बैल सगळ्यात पुढं. पुकारणारा ओरडला, "बारा पॉइंट पाच!" मागनं मंचरकरांचा गाडा बारा पॉइंट एकतीसला चढला आणि गुलाल तिकडं गेला. जानकूचे पावणे भांडायला उठले तर जानकूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मशीन कुनाचं मिंधं नसतं."

सोमवारी दुपारी दादाभाऊ खोकं पुसत टपरीत बसला होता. सहज चालू केलं, थांबवलं. खोक्यावर नऊ, टिंब, मग एक काळं घर, मग सात. तो बघतच राहिला. पॉइंटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे तो वेगवेगळे धाडत होता, आणि लायब्ररी सुरुवातीची शून्यं विझवून टाकत होती. कागदावर तसं लिहिलंही होतं, न वाचलेल्या अर्ध्यात.

तो हौशीरामांकडं गेला. वहीत प्रत्येक गाड्यापुढं पॉइंटनंतर दोन आकडे, जानकूपुढं एकच.

"बारा पॉइंट शून्य पाच व्हतं ते, हौशीरामभाऊ. जानकू पहिला."

हौशीरामांनी वही मिटली. "गुलाल पडला, ढाल गेली. आता तू गप ऱ्हा. तुजीच इज्जत जाईल."

दादाभाऊ घरी आला. प्रोग्रामची एक ओळ बदलायला पाच मिनिटं लागली. मंगळवारी खोकं आणि बॅटरी जीपच्या टपावर टाकून तो डोंगरात गेला. जानकूच्या अंगणात खोकं मांडलं, १२.०५ लावलं आणि झालं ते सांगितलं.

जानकू लांबवर बघत होता. "काल बेल्ह्याच्या बाजारात दिला मी पाखऱ्या," तो म्हणाला. "मंचरकरांच्या मागं पडला म्हनून. म्हातारा झाला असंल म्हनलं."

"घेनारा कोन? आपन जाऊ, मी सांगतो त्याला."

"वळखीचा न्हाई. कुठल्या कुठं गेला असंल."

जानकूनं बायकोला हाक मारली. "कोंडे, बघ. पयला व्हता आपला."

कोंडाबाईनं चहाचा कप दादाभाऊपुढं ठेवला आणि खोक्याकडं एकवार बघितलं. "मंग आता काय करू? दावनीला आकडा बांधू?"

दादाभाऊनं चहा घेतला. तसाच ठेवला असता तर तेही बरं दिसलं नसतं.

फाट्यावर दोन तास जीप आली नाही. तो दगडावर बसून राहिला, खोकं शेजारी. आकडा तसाच पेटलेला. बॅटरी काढायला वाकायचंही त्याच्या जिवावर आलं होतं.