लाल झालेले शब्द

आमचे इंग्रजीचे सर हदगावहून रोज बसनं नांदेडला येतात. लई भारी माणूस! उच्चार शिकवताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरून फुंकरीसकट 'पेन' म्हणायचे अन् ओरडायचे, "कागद हलला पाहिजे, लेकरांनो!"

मग कॉलेजात उच्चार तपासणारं ॲप आलं. मीच चिडवलं, "सर, आधी तुम्ही बोला की!" सर हसत माईकमध्ये एक वाक्य बोलले. स्क्रीनवर अर्धे शब्द लाल, म्हणजे उच्चार चूक. अख्खा वर्ग हसला, मी पण. सरांनी तेच वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. लाल ते लालच.

तवापासून सर तासाला आम्हाला नुसते हेडफोन वाटून देतात. काल एक शब्द अडला म्हणून विचारलं, "सर, हे कसं म्हणायचं?"

त्यांनी तोंड उघडलं, मग स्क्रीनकडं बोट केलं. "त्यालाच विचार, बाळा. माझं ऐकून चुकीचं शिकशील."