निंबाचा चिमटा

निंबा गेला हे मला कोणी सांगितले नाही. मोबाइलवर एक चित्र आले. चुलीपुढे मांडी घालून बसलेला निंबा, तळहातावर टम्म फुगलेली भाकरी, आणि खाली फुलांच्या नक्षीत लिहिलेले : ‘सदा हसतमुख निंबाभाऊ आपल्यात नाहीत.’ मी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले, आणि माझा स्वभाव जाणणाऱ्यांना नवल वाटणार नाही, दुःखाच्या आधी मला राग आला. त्या चित्रात निंबा हसत नाही. ओले लाकूड धुमसत असताना डोळे चोळायला हात मोकळा नसला, म्हणजे माणसाचे तोंड असे होते. गंगापूर रोडवरच्या ज्या हॉटेलात मी व्यवस्थापक होतो, तिथे तो चेहरा मी बारा वर्षे, माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, रोज पाहिला आहे. त्याला हसतमुख म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. त्यांनी भाकरीकडे पाहिले होते.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात हॉटेलच्या हिरवळीवर शोकसभा झाली. मालकांचे चिरंजीव, ज्यांच्याकडे आता सारा कारभार आहे, म्हणाले, “निंबाकाका आमच्या घरातलेच होते. आगीला भ्यायचं त्यांना माहीतच नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी चिमटा फेकून दिला, तो परत कधी हातात धरला नाही.” लोकांनी माना डोलावल्या. मग निंबाचा मुलगा किशोर उभा राहिला. अंबडला कारखान्यात कामाला जाणारा, मितभाषी मुलगा. तो एवढेच बोलला : “माझ्या वडिलांचे हात तुम्ही सगळ्यांनी पाहिले. आम्हाला ते फारसे मिळाले नाहीत. माझी मुलगी लहान असताना त्यांनी तिला अंघोळ घातली, लक्ष नव्हतं, पोरीचे पाय भाजले. त्यानंतर त्यांनी तिला कधी उचलूनही घेतलं नाही. भाकरीवर मात्र त्यांचं लक्ष शेवटपर्यंत होतं.” खुर्च्या करकरल्या. कोणी तरी माझ्याकडे पाहून म्हणाले, “आप्पा, तुम्ही दोन शब्द बोला.” सभेत कोणाचे चुकीचे विधान दुरुस्त केल्यावाचून मी कधी खाली बसत नाही, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी घसा बसल्याची खूण केली आणि जागेवरून हललो नाही. किशोर चुकीचे बोलत होता, मालकांचे चिरंजीवही चुकीचे बोलत होते, आणि बरोबर काय ते त्या हिरवळीवर एकट्या मला माहीत होते.

म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम किरकोळ गैरसमज. निंबाला भाकरीची कला आईकडून मिळाली, असे एका छापील टिपणात आले आहे. ते खोटे आहे. तो नामपूरचा, लासलगावच्या बाजार समितीसमोरच्या एका ढाब्यावर, कांद्याच्या हंगामात ट्रकवाल्यांसाठी एका बैठकीला शंभर-शंभर भाकऱ्या थापता थापता त्याचा हात बसला. त्याची बायको सिंधूबाई माझ्यादेखत म्हणाली होती, “घरी यांच्या भाकरीच्या कडा फाटतात. इथं बरी टाळ्या घेते!” त्यावर निंबा म्हणाला, “घरी तू डोक्यावर उभी राहते, इथं गिऱ्हाईक लांब बसतं.” तो कधी कुरकुरला नाही, हेही खोटे आहे. तो रोज कुरकुरत असे. लाकडे ओली आहेत, पीठ जाड दळले आहे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर लोणी मागणाऱ्यांना पोळी खायला सांगा... मी ऐकून घेत असे. कुरकुरणारा माणूस कामावर दुसऱ्या दिवशी येतो, हा माझा अनुभव होता.

आता चिमटा. आम्ही हिरवळीच्या मधोमध ओटा बांधून त्यावर चूल मांडली, पाहुण्यांना बसल्या जागेवरून दिसावी अशी. ही कल्पना माझी. पहिल्या दिवशी निंबा फडक्यात गुंडाळलेला चिमटा घेऊन आला. नामपूरच्या बाजारातल्या लोहाराकडून त्याने तो मुद्दाम करून घेतला होता. हातभर लांब, टोकाशी जरा चपटा, भाकरीला भोक पडू नये असा. दुपारच्या गर्दीत तो चिमटा एकदा ओट्याखाली पडला आणि निखाऱ्यावरची भाकरी करपू नये म्हणून निंबाने ती हातानेच उचलली. समोरच्या टेबलावरच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. मी पाहत होतो. गर्दी ओसरल्यावर मी ओट्यापाशी गेलो, वाकून चिमटा उचलला आणि म्हणालो, “निंबा, उद्यापासून हातानेच काढ. लोकांना आवडतंय.” तो म्हणाला, “भाजतं ना आप्पा.” मी म्हणालो, “सवय होईल.” चिमटा मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. त्याने तो फेकला नाही. मी काढून घेतला.

मग फेकल्याची गोष्ट आली कुठून? ती मी लिहिली. पदार्थांच्या यादीच्या पहिल्या पानावर छापण्यासाठी मालकांनी चार ओळी मागितल्या, आणि माझ्या मराठीचा मला अभिमान असल्याने मी त्या मन लावून लिहिल्या : ‘आमच्या निंबाभाऊंनी पहिल्याच दिवशी चिमटा दूर भिरकावला. आगीशी त्यांचे जुने सख्य आहे.’ वाचकहो, आपणही कधी तिथे जेवला असाल, तर ते पान चाळले असेल. त्या ओळी वाचून लोक मोबाइल घेऊन ओट्याभोवती जमत. “काका, पुन्हा एकदा उचला ना, व्हिडिओ नीट आला नाही,” असे म्हणत, आणि निंबा झालेली भाकरी परत निखाऱ्यावर ठेवून परत उचलत असे. एका रविवारी एकच भाकरी त्याने चार वेळा उचललेली मी पाहिली. शेवटी ती इतकी कडक झाली की पाहुण्यांनी ती पानातच सोडली.

दुपारी चार वाजता हॉटेल रिकामे होई. उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये एक टेबल आम्हा दोघांपुरते मोकळे राखलेले असे. माझी पत्नी तोपर्यंत गेली होती, मुलगा परदेशी. घरी जेवायला थांबणारे कोणी नव्हते. निंबाच्या घरी होते, पण त्यांच्या जेवणाच्या वेळी हा इतरांना जेवू घालत असे. सणाला, रविवारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा जेव्हा त्याच्या घरचे एकत्र बसत, तेव्हा चूल पेटलेली असे. पहिल्या वर्षी त्याच्या बोटांवर फोड येत. दुसऱ्या वर्षी येईनासे झाले, त्याचे आम्ही कौतुक केले. पुढे एकदा तो रेशन दुकानातून परतला तो हसत, आणि हे हसणे खरे होते. “आप्पा, यंत्रावर अंगठा उमटत नाय. दहाही बोटं लावून झाली. दुकानदार म्हणतो, तुम्ही हायेतच नाय.” मी म्हणालो, “मग रोज माझं डोकं कोण खातं?” आम्ही दोघेही पुष्कळ हसलो. हसू थांबल्यावर मी त्याची बोटे हातात घेऊन पाहायला हवी होती. पाहिली नाहीत.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या दिवशी, निंबा चार वाजता टेबलाशी आला आणि बसला नाही.

“आप्पा, माझा चिमटा कुठं हाय?”

“आहे. का रे?”

त्याने दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. अहिराणी तो फक्त सिंधूबाईशी बोले. त्या दिवशी माझ्याशी बोलला. “मना हात मरी गयात, आप्पा.” मग सावरून सांगू लागला. आदल्या दिवशी नातीला अंघोळ घालायला तो बसला होता. बादलीत हात घालून पाहिले, पाणी कोमट लागले. तांब्या पोरीच्या पायावर ओतला. “ती वरडली तेव्हा मला समजलं. मी परत हात घातला पाण्यात. तरी कोमटच लागलं.”

“घरी सांगितलंस हे?”

“काय सांगू? हात मेले सांगितलं तर किशोर इथं येऊन बसंल, मला चुलीवरून उठवून नेईल. मंग मी काय करू? मला दुसरं काय येतं? लक्ष नव्हतं म्हणून सांगितलं.” मग तळवे उचलून म्हणाला, “चिमटा द्या. हात जरा तरी माघारी येतील.”

उन्हाळ्याची सुट्टी होती. हिरवळीवर रोज रांगा लागत होत्या. मी म्हणालो, “ही गर्दी सरू दे. मग घे.”

“बरं,” निंबा म्हणाला. आणि खाली बसला. चहाचे दोन ग्लास आले, तेव्हा त्याने आपला माझ्याकडे सरकवला. “हात लावून बघा बरं. पिऊ का?” मी बोट लावले. “थांब जरा,” म्हणालो. मग थोड्या वेळाने, “घे आता.” त्या दिवसापासून रोज चार वाजता हे असेच चालले. चिमटा त्याने पुन्हा कधी मागितला नाही. मीही खण त्याच्यादेखत उघडला नाही. गर्दी सरली, दुसरी आली.

मालकांचा दबाव होता असे म्हणणे मला सोयीचे ठरले असते. नव्हता. खणात चिमटा आहे हे मालकांना ठाऊकच नव्हते. मी दिला असता तर चार दिवस पाहुणे हळहळले असते, यादीचे एक पान बदलावे लागले असते, एवढेच. माझे चार ओळींचे गद्य मला मोडवेना.

किशोर, तुझे वडील नातीला उचलत नसत, हे खरे आहे. का उचलत नसत, ते तुझे चुकले. जे हात पाण्याचा चटका ओळखत नाहीत, ते पोरीचा ताप कसा ओळखतील, तिच्या दंडावर किती जोर पडला हे कसे ओळखतील, अशी त्यांना धास्ती बसली होती. तुझ्या घरातला त्यानंतरचा कुठलाही फोटो काढून पाहा; वाढदिवस असो, बारसे असो, निंबा कडेला उभा आहे आणि त्याचे दोन्ही हात पाठीमागे आहेत. नातेवाईक त्याला ताठा म्हणत. आठवड्याच्या सुट्टीत तो तिच्या शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, तसाच हात मागे बांधून उभा राही, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगे की आज तिने दोन वेण्या घातल्या होत्या. डाग किती राहिला हे तो दर काही महिन्यांनी मोजून आल्यासारखे सांगत असे. मी हे सगळे ऐकले आणि तुझ्यापर्यंत येऊ दिले नाही. त्याने गुपित ठेवायला सांगितले होते, या सबबीआड मी नऊ वर्षे काढली. ते गुपित हॉटेलच्या सोयीचे होते, आणि माझ्याही.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. खणातल्या वस्तू खोक्यात भरल्या, त्यात चिमटाही घरी आला. निंबा चुलीवरच राहिला. सोमवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, मात्र इंदिरानगरला माझ्याकडे चार वाजता येई. इतर दिवशी त्याचा चहा कोण पाहत असे, मी विचारले नाही. या दिवाळीनंतर तो थकला होता, जिना चढून आला की बराच वेळ बोलत नसे. जाण्याआधीच्या सोमवारी मी सकाळीच खोके उघडले, चिमटा पुसला आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, त्याच्या खुर्चीतून दिसेल अशा जागी, खिळ्याला टांगला. तोंडाने मागता न येणारी क्षमा मी भिंतीला टांगून ठेवली. निंबा आला, बसला. त्याची नजर वर गेली.

“नामपूरचा ना हा?”

“हो.”

“चांगला जपला तुम्ही.” त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरे वाटले असते. मी शोधला, सापडला नाही. त्याने ग्लास पुढे सरकवला. “बघा बरं, पिऊ का?”

शोकसभेनंतर आठ दिवसांनी मी मखमलाबाद नाक्याजवळ किशोरच्या घरी गेलो. सगळे सांगायचे ठरवून गेलो होतो. सिंधूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या, किशोर कामावरून यायचा होता. निंबाच्या नातीने चहा करून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचा कप घेऊन समोर बसली. अकरा-बारा वर्षांची मुलगी, दोन वेण्या. तिने कप उचलला आणि नकळत माझे बोट पुढे गेले, तिच्या कपाला लागले. “थांब जरा,” मी म्हणालो. ती थांबली. “आजोबांना असं म्हणायचात का?” तिने विचारले. मी म्हणालो, “हो.” “का?” तेवढ्यात किशोर आला, मी कांद्याच्या, पावसाच्या गोष्टी काढल्या, चहा संपवला आणि उठलो.

तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर वर लिहिले आहे. मोठ्यांनी तिला ते वाचून दाखवावे. चिमटा तुमचा आहे. अजून त्याच खिळ्याला आहे. मी एकटाच जेवतो, भाकरी मला येत नाही, त्यामुळे त्याला हात लावायचा प्रसंग येत नाही. त्या सोमवारी मी तो पुसला, पण टोकांवरचे काळे निघाले नाही. एका दुपारची काजळी आहे ती. तेवढीच.